माळ ओसाड नसतो

मराठी भाषा गौरव दिनाच्या एका कार्यक्रमात आमच्या महाविद्यालयातील एका ज्येष्ठ सहकाऱ्यांनी आपले प्रवासवर्णन वाचून दाखवले. त्या दिवसापासून जी अस्वस्थता मनात घर करून बसली आहे, तिला वाट करून देण्यासाठी हे लिहीत आहे. सहकाऱ्यांची कन्या फिनलंडमध्ये नोकरीला असते. सुट्टीत तिच्याकडे गेले असता ते पार उत्तरेला, आर्क्टिक वृत्ताच्याही पलीकडे, इनारी परिसरातील लेम्मेन्योकी राष्ट्रीय उद्यान पाहून आले. १९५६ पासून राखलेले हे उद्यान अडीच हजार चौरस किलोमीटरहून मोठे आहे आणि त्यातील नदीखोऱ्यात पाइन वृक्षांचे फार जुने अरण्य आहे.

त्यांच्या लेखनातील प्रांजळपणा मला आवडला. प्रथमदर्शनी आपली निराशाच झाली, असे त्यांनी लिहिले होते. झाडे विरळ, फारशी उंच नाहीत. जमीन वाळूची, तिच्यावर पांढुरक्या दगडफुलाचा थर. ना वेली, ना गर्द सावली. एवढ्यासाठी का इतक्या लांब आलो, असा प्रश्न त्यांना पडला. मग हळूहळू उलगडा होत गेला. त्या थंडीत आणि त्या निकृष्ट मातीत पाइन इतक्या संथपणे वाढतो की मांडीएवढ्या जाडीच्या खोडाचे वय दोन-तीन शतके असू शकते. मेल्यावरही तो पडत नाही. साल गळून, चंदेरी करडा होऊन तो पिढ्यान् पिढ्या उभा राहतो. अशा उभ्या मृत पाइनला फिनिश भाषेत ‘केलो’ असा स्वतंत्र शब्द आहे. तो जळणासाठी तोडायलाही उद्यानात मनाई आहे, कारण कितीतरी किडे, बुरशी आणि पक्षी त्याच्या आश्रयाने जगतात. ‘अरण्य पाहायलाही शिकावे लागते’ या आशयाच्या वाक्याने त्यांनी वाचन संपवले. सभागृहाने टाळ्या वाजवल्या. मीही वाजवल्या.

सहकाऱ्यांशी माझा वाद नाही. वाद आहे तो टाळ्या वाजवणाऱ्यांशी, आणि त्यांच्यात मी स्वतःला पहिल्या रांगेत बसवतो. कारण त्यांचा परिचय करून देताना सूत्रसंचालन करणारी विद्यार्थिनी म्हणाली होती, ‘सर आज आपल्याला या ओसाड माळावरून थेट हिरव्यागार अरण्यात घेऊन जाणार आहेत.’ पुढच्या अर्ध्या तासात सरांनी जे वर्णन केले त्यात हिरवेगार असे फारसे काही नव्हतेच. विरळ झाडी, पातळ माती, संथ वाढ, वरवर दरिद्री दिसणारी जमीन: हे वर्णन सभागृहाच्या खिडकीबाहेरच्या माळाला जवळजवळ जसेच्या तसे लागू पडत होते. तरीही एकाला आम्ही अरण्य म्हटले आणि दुसऱ्याला ओसाड. या दोन शब्दांमधल्या अंतराची जबाबदारी कोणाची, हा या लेखाचा विषय आहे. माझे उत्तर असे की ती मोठ्या प्रमाणात आमची, म्हणजे मराठी भाषा आणि साहित्य शिकवणाऱ्यांची आहे.

आधी माझा स्वतःचा कबुलीजबाब. शासनाच्या वृक्षलागवड मोहिमेचे २०१९ सालचे उद्दिष्ट ३३ कोटी रोपांचे होते. आमच्या महाविद्यालयाच्या वाट्यालाही काही हजार खड्डे आले. राष्ट्रीय सेवा योजनेच्या विद्यार्थ्यांना घेऊन मी जवळच्या एका गायरानावर गेलो. मुरमात पहार चालेना, तेव्हा जेसीबी आला. गिरिपुष्प आणि करंजाची रोपे लावली, छायाचित्रे काढली, ‘ओसाड माळावर हिरवे स्वप्न’ अशा मथळ्याचा वृत्तान्त मीच लिहून वृत्तपत्राला पाठवला. मथळा सुचल्याचा मला तेव्हा आनंदही झाला होता. पुढच्या वैशाखापर्यंत बहुतेक रोपे वाळून गेली. त्या सुमारास तिथे मेंढरे घेऊन आलेले एक वृद्ध धनगर मला म्हणाले, ‘सर, झाडं लावली त्याचं काय नाय, पण कुरण खांदलं तुम्ही. इथं पवना व्हता.’

पवना म्हणजे काय हे मला ठाऊक नव्हते. वीस वर्षे मराठी शिकवणाऱ्या माणसाला आपल्या पायाखालच्या गवताचे मराठी नाव माहीत नव्हते. त्यांनी मग हाताने दाखवत नावे सांगितली: पवना, शेडा, मारवेल, कुसळी. कोणते मेंढरे आधी खातात, कोणते दिवाळीनंतर पोषक राहत नाही, कोणत्याचे कुसळ लोकरीत अडकून कातडीला टोचते, हे सांगितले. माझ्या वृत्तान्तात या साऱ्यासाठी एकच विशेषण होते.

आता त्या विशेषणाकडे आणि त्याच्या भावंडांकडे पाहू. सातबाराच्या उताऱ्यावर लागवडीयोग्य क्षेत्राच्या जोडीला ‘पोटखराबा’ असा एक रकाना असतो. नांगर चालत नाही, म्हणून महसुलाच्या दृष्टीने ती जमीन ‘खराब’. ब्रिटिश राजवटीने ज्या जमिनीतून सारा येत नाही ती वाया गेलेली, असा हिशेब मांडला. स्वतंत्र भारताने तो बऱ्याच अंशी पुढे चालवला. १९८५ साली पडीक जमिनींच्या विकासासाठी राष्ट्रीय मंडळ स्थापन झाले आणि २००० साली देशभरातील पडीक जमिनींचा नकाशासंग्रह प्रसिद्ध झाला. त्यात झुडपी आणि चराऊ जमिनींचे मोठे क्षेत्र ‘पडीक’ या सदराखाली गेले. ज्या जमिनीला पडीक म्हटले तिच्यावर काहीही केले तरी तो विकासच ठरतो: खड्डे खणा, सौरपट्ट्या बसवा, मुरूम उचला, कारखाना उभारा.

न्यायालयातही शब्दालाच महत्त्व आले. गोदावर्मन खटल्यात १२ डिसेंबर १९९६ रोजी सर्वोच्च न्यायालयाने असे म्हटले की ‘वन’ या शब्दाचा अर्थ त्याच्या शब्दकोशातील अर्थाप्रमाणे घ्यावा. २०२३ साली वनसंवर्धन कायद्यात दुरुस्ती झाल्यावर तो वाद पुन्हा उभा राहिला आणि फेब्रुवारी २०२४ मध्ये न्यायालयाने अंतरिम आदेश देऊन तूर्त शब्दकोशातील अर्थच कायम ठेवला. लाखो हेक्टर जमिनीचे भवितव्य एका शब्दाच्या कोशगत अर्थावर टांगलेले असताना, कोश ज्यांच्या कपाटात असतो त्या आमच्यासारख्यांनी त्याबद्दल काही म्हटल्याचे माझ्या तरी वाचनात नाही. ‘वन’ शब्दाने घनदाट झाडी डोळ्यांसमोर येते. गवताचा माळ त्यात बसत नाही. आणि ‘वन’ नाही म्हणून तो पोटखराबा ठरतो.

वास्तविक या शब्दांचा इतिहास अगदी उलट आहे, आणि तो आपल्याच परंपरेतला आहे. ‘जंगल’ हा शब्द संस्कृतातील ‘जांगल’वरून आला. आयुर्वेदाने भूमीचे जे प्रकार केले त्यांत पाणथळ, दाट झाडीचा ‘आनूप’ आणि कोरडा, मोकळा, विरळ झाडांचा ‘जांगल’ असे दोन टोकांचे प्रकार आहेत. चरकसंहितेत जांगल देशाचे जे वर्णन येते त्यात खैर, शमी, बोर ही झाडे आहेत, कोरडा वारा आहे, हरणे आहेत. आणि हा देश निरोगी मानला आहे. मनुस्मृती तर राजाला जांगल देशात वस्ती करायला सांगते आणि जिथे काळवीट स्वभावतः वावरते तो प्रदेश यज्ञाला योग्य ठरवते. फ्रान्सिस झिमरमन या फ्रेंच अभ्यासकाने १९८२ साली या विषयावर एक आख्खा ग्रंथ लिहिला. थोडक्यात, ‘जंगल’ म्हणजे मुळात शिरूर-दौंड-बारामतीचा माळच. पुढे इंग्रजीच्या वळणाने तो शब्द घनदाट हिरव्या रानाला चिकटला आणि आम्ही त्याला तसाच परत घेतला. ज्या जमिनीचे ते नाव होते तिच्यासाठी आमच्याकडे मग ‘ओसाड’ एवढेच उरले. बोलीने मात्र एक शब्द सांभाळून ठेवला आहे. आमच्या भागात ‘बाबा रानात गेलाय’ म्हणजे शेतात गेला आहे, आणि ‘रानडुक्कर’ म्हणजे वन्य डुक्कर. शेत आणि अरण्य यांच्यात भिंत न घालणारा हा शब्द प्रमाण मराठीच्या वर्गात आम्ही केवळ ‘ग्रामीण छटा’ म्हणून शिकवतो.

येथे एक आक्षेप लगेच घेतला जाईल, आणि तो हलका नाही. माळ हा मूळचा माळ नव्हेच, असे पुष्कळ जण मानतात. इथे पूर्वी घनदाट अरण्य होते, कुऱ्हाडीने आणि शेळ्यामेंढ्यांनी ते संपवले, म्हणून आता झाडे लावणे हे प्रायश्चित्त आहे. मीही २०१९ मध्ये विद्यार्थ्यांना हेच सांगितले होते. या समजुतीला इनामगावनेच उत्तर द्यावे, हे मला महत्त्वाचे वाटते.

घोड नदीकाठच्या इनामगावला १९६८ ते १९८३ या काळात डेक्कन कॉलेजने ह. धी. सांकलिया, म. के. ढवळीकर आणि झैनुद्दीन अन्सारी यांच्या नेतृत्वाखाली उत्खनन केले. ताम्रपाषाण युगातील सुमारे इ.स.पू. १६०० ते ७०० अशी नऊशे वर्षांची वस्ती तिथे उघडकीला आली. एका खेड्याचा इतका सविस्तर अभ्यास भारतीय पुरातत्त्वात क्वचितच झाला असेल. शंभराहून अधिक घरांचे अवशेष, धान्याचे कोठार, पाण्याचा पाट, कुंभांत पुरलेली मुले, चार पायांच्या रांजणातील दफन, हे सारे पाठ्यपुस्तकांत येते. ज्याच्याकडे साहित्याच्या अभ्यासकांचे लक्ष जात नाही ती गोष्ट म्हणजे तिथे सापडलेली हाडे आणि बिया. गुरे, शेळ्यामेंढ्या पाळणारी ही माणसे शिकारही करीत, आणि त्यांच्या शिकारीत काळवीट आहे. काळवीट दाट झाडीत राहत नाही. त्याला दूरवर दिसणारा, पळायला मोकळा गवताळ प्रदेश लागतो. चितळ-सांबरांची हाडेही आहेत, म्हणजे नदीच्या कडेने किंवा आसपासच्या टेकड्यांवर झाडी होतीच. पण तीन हजार वर्षांपूर्वी घोडेच्या खोऱ्यात मोकळे गवताळ रानही होते आणि माणूस त्याच्या आधाराने जगत होता, हे नाकारता येत नाही. बोर ही आजही इथल्या बांधावर उगवते आणि त्या मातीच्या थरांतही आहे.

ढवळीकरांची मांडणी अशी की इ.स.पू. १००० च्या सुमारास हवामान कोरडे होत गेले. चौकोनी प्रशस्त घरांच्या जागी लहान गोल झोपड्या आल्या, शेती आक्रसली, मेंढपाळी आणि शिकार वाढली. तिच्या तपशिलांबद्दल मतभेद असू शकतात. पण तिच्यातून जे चित्र दिसते ते मला विचार करायला लावते. शेतीने हात टेकले तेव्हा लोकांना तगवले ते या माळाने आणि त्याच्या गवताने. ज्याला आपण खराबा म्हणतो तो त्या गावाचा शेवटचा आधार होता.

हे झाले पुरातत्त्व. आता जे आमचे स्वतःचे क्षेत्र आहे त्याकडे वळू, कारण तिथे शरमेची बाब अधिक आहे. आशिष नेर्लेकर आणि दिग्विजय पाटील या दोन संशोधकांनी २०२५ साली ‘पीपल अँड नेचर’ या नियतकालिकात एक अभ्यास प्रसिद्ध केला. तेराव्या शतकापासून विसाव्या शतकापर्यंतचे मराठी साहित्य, त्यात महानुभाव आणि वारकरी परंपरेतील ग्रंथ, आख्याने, लोककथा असे सगळे, त्यांनी एका वेगळ्या प्रश्नासाठी वाचले: यात पश्चिम महाराष्ट्रातील कोणत्या रानवनस्पतींचे उल्लेख येतात? त्यांना ४४ वनस्पती सापडल्या आणि त्यांपैकी जवळजवळ दोन तृतीयांश या मोकळ्या, उन्हाच्या, गवताळ प्रदेशाच्या निदर्शक निघाल्या. निष्कर्ष असा की हा प्रदेश किमान साडेसातशे वर्षे माळच आहे. गेल्या शतक-दीड शतकातील जंगलतोडीने तो निर्माण झालेला नाही. पंढरपूरला विठ्ठलमंदिरात कान्होपात्रेच्या स्मृतीशी जोडलेले तरटीचे झाड आपल्यापैकी किती तरी जणांनी पाहिले आहे, त्याला हात जोडले आहेत. तरटी ही या कोरड्या मुलखाची झुडपी वनस्पती आहे, आणि त्या कथेतही मराठी भूगोलाची एक नोंद आहे, हे आमच्यापैकी कोणाच्या लक्षात आले?

हे दोन्ही संशोधक मराठी विभागातले नव्हेत. ग्रंथ आमचे, शब्द आमचे, पाठभेदांवर आम्ही प्रबंध लिहिले. आणि त्या ग्रंथांत कोणती जमीन आहे हे विचारायला परिस्थितीकीचे अभ्यासक यावे लागले. हा दोष केवळ योगायोगाचा नाही. रा. चिं. ढेरे यांचे ‘श्रीविठ्ठल : एक महासमन्वय’ १९८४ साली आले. विठ्ठलाची मुळे गवळी-धनगरांच्या पशुपालक परंपरेत आहेत ही त्यातील मांडणी आम्ही पदव्युत्तर वर्गात शिकवतो. गुंथर सोन्थायमर या जर्मन विद्वानाने आयुष्याचा मोठा भाग बिरोबा, म्हस्कोबा आणि खंडोबा या धनगरांच्या देवांचा अभ्यास करण्यात घालवला आणि ‘वन’ व ‘क्षेत्र’ यांच्या परस्परसंबंधांवर लिहिले. म्हाळसा आणि बाणाई या खंडोबाच्या दोन पत्नींच्या कथेत गाव आणि माळ यांचे नाते कसे आहे, हे त्या वाटेने गेल्यास स्पष्ट दिसते. महाराष्ट्राचे थोर दैवत ज्या माळावरून आले तो माळ मात्र आमच्या टिपणांत ‘पार्श्वभूमी’ म्हणूनच येतो.

‘पार्श्वभूमी’ आणि ‘वातावरणनिर्मिती’ या दोन परिभाषांनी आमच्या समीक्षेचे जेवढे नुकसान केले तेवढे क्वचितच कोणी केले असेल. ‘बनगरवाडी’ घ्या. १९५५ साली पुस्तकरूपाने आलेली व्यंकटेश माडगूळकरांची ही कादंबरी आम्ही कितीतरी वर्षे शिकवत आहोत. तरुण मास्तर माणदेशातील धनगरांच्या वाडीत येतो आणि शेवटी दुष्काळ त्या वाडीला उधळून लावतो. आम्ही विद्यार्थ्यांना सांगतो की ही दारिद्र्याची, अज्ञानाची आणि दुष्काळाची कथा आहे. परीक्षेत ‘बनगरवाडीतील वातावरणनिर्मिती’ यावर दहा गुणांचा प्रश्न येतो आणि उत्तरात ‘ओसाड माळरान’ हे शब्द असले की गुण मिळतात. माडगूळकर स्वतः माळाकडे असे पाहत नाहीत. त्यांना कोणत्या ऋतूत मेंढरू कुठे जाते हे ठाऊक आहे. जमीन त्यांच्या लेखनात पात्रांइतकीच जिवंत आहे. ओसाडपणा पुस्तकात कमी आणि आमच्या मार्गदर्शिकांत जास्त आहे. मी स्वतः अशी एक टिपणवही वर्षानुवर्षे वर्गात वाचून दाखवली, हेही इथे नोंदवतो.

निसर्गकवितेचे तेच. ‘निसर्गकवी’ म्हटले की बालकवी, आणि बालकवी म्हटले की श्रावण आणि हिरवळ. बालकवी खानदेशचे, त्यांचा मुलूखही वर्षातले सात-आठ महिने पिवळा असतो. पण अभ्यासक्रमाने त्यांच्यातून एक ऋतू उचलला आणि त्यालाच मराठी निसर्ग ठरवले. कोकण, सह्याद्रीचा घाटमाथा, पाऊस, धुके हे आमच्या लेखी निसर्गाचे अधिकृत रूप. मारुती चितमपल्ली हे मूळचे सोलापूरचे. तरीही त्यांच्या लेखनातून आम्ही आठवतो ते नवेगावबांध, नागझिरा, मेळघाट. सोलापूरजवळच्या नान्नजचा माळ, जिथे १९७९ साली माळढोकासाठी अभयारण्य झाले, तो किती मराठी विद्यार्थ्यांना ठाऊक आहे? ज्या पक्ष्याच्या नावातच माळ आहे तो महाराष्ट्रातून जवळजवळ नाहीसा झाला. तणमोराची, म्हणजे तणात राहणाऱ्या मोराची, गत काही वेगळी नाही.

आता दुसरा आक्षेप. महिना पगार घेणाऱ्या प्राध्यापकाला माळाचे सौंदर्य सुचते. ज्याच्या विहिरीला फेब्रुवारीत तळ लागतो त्याला विचारा, असे मला एका विद्यार्थ्याने तोंडावर सांगितले. तो टँकरच्या गावचा होता. त्याच्या बोलण्यातील कडवटपणा मी मान्य करतो. शेतकऱ्याने पाणी मागू नये, घोडेच्या कालव्याखाली ऊस लावू नये, असे म्हणण्याचा मला अधिकार नाही आणि तसे मला म्हणायचेही नाही. पण मुलाच्या गावात टँकर येतो तो माळावर गवत आहे म्हणून येत नाही. शिवाय आम्ही खड्डे खणले ते बागायतदाराच्या उसात खणले नाहीत, गायरानात खणले. तिथे ज्यांची जनावरे चरतात ते गावातले सर्वांत कमी जमिनीचे किंवा भूमिहीन लोक. ‘ओसाड’ या शब्दाचा पहिला फटका त्यांना बसतो, कारण त्यांची उपजीविका त्या शब्दाने अदृश्य होते. लांडगा, खोकड, चिंकारा, धाविक, उघड्या खडीत अंडी घालणारी माळटिटवी ही नंतरची यादी.

या बाबतीत पुन्हा त्या उत्तरेकडच्या पाइनकडे वळले पाहिजे, कारण सहकाऱ्यांच्या प्रवासवर्णनात एक गोष्ट राहून गेली होती. तो प्रदेश निर्जन नाही. सामी लोकांच्या रेनडिअर पालनाचा तो मुलूख आहे. हिवाळ्यात बर्फ दगडासारखे घट्ट झाले की रेनडिअरना जमिनीवरचे दगडफूल उकरता येत नाही, तेव्हा जुन्या झाडांवरून लोंबणारे दगडफूल त्यांना जगवते. कोवळ्या लागवडीवर ते नसते. म्हणूनच या शतकाच्या पहिल्या दशकात इनारी भागातील सामी पशुपालकांनी सरकारी वृक्षतोडीविरुद्ध दीर्घ लढा दिला आणि २०१० च्या आसपास त्यांच्या चराऊ रानांतील बरीचशी तोड वीस वर्षांसाठी थांबवण्याचा समझोता झाला. जुने अरण्य वाचवण्याच्या त्या लढ्यात पर्यावरणवादी पाहुणे होते आणि पशुपालकही होते. आमच्याकडे मात्र संरक्षण म्हणजे कुंपण आणि मेंढपाळ म्हणजे अपराधी, हे समीकरण अजून पुसले गेलेले नाही. माळावरील चराई अतिरिक्त होऊ शकते, होते; तिचे नियमन हवे. पण गवत, चरणारी जनावरे, कोरडा ऋतू आणि अधूनमधून लागणारा वणवा यांच्या परस्परसंबंधांतूनच हा माळ हजारो वर्षे टिकला आहे, हे विसरून केलेले संरक्षण म्हणजे आमच्या खड्ड्यांचाच सभ्य प्रकार होय.

जुन्या अरण्यासाठी जो निकष आपण लावतो तोच गवताला लावता येतो का, असा प्रश्न विचारला जातो. २०१५ साली जोसेफ वेल्डमन आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी याचे स्पष्ट उत्तर दिले: गवताळ प्रदेशही ‘जुने’ असतात. त्यांचे वय जमिनीच्या वर मोजता येत नाही. ते मुळांत, कंदांत आणि जमिनीखालच्या खोडांत असते. एकदा नांगर किंवा यंत्र फिरले की वर काहीतरी हिरवे लवकर उगवते, पण तो जुना समुदाय शतकभरातही परतेल याची खात्री नसते. म्हणजे तीनशे वर्षांचा पाइन तोडणे आणि जुने कुरण उकरणे ही एकाच जातीची कृत्ये आहेत. पहिल्याची फांदी मोडली म्हणून उत्तरेत दंड होतो. दुसऱ्याबद्दल आमच्याकडे प्रमाणपत्र मिळते. माझ्या कपाटात ते आहे.

यावर काय करावे, असे विचारणाऱ्यांसाठी माझ्याकडे भव्य योजना नाही. तीन साध्या गोष्टी सांगतो. पहिली, बारामती तालुक्यात सुप्याला मयूरेश्वर अभयारण्य आहे, १९९७ साली जाहीर झालेले, अवघ्या ५.१४ चौरस किलोमीटरचे, चिंकाऱ्यांचे. कर्जत तालुक्यात रेहेकुरीला १९८० पासूनचे काळविटांचे अभयारण्य आहे, तेही सव्वादोन चौरस किलोमीटरच्या आत-बाहेर. इनामगावहून दोन्हीकडे एका दिवसात जाऊन येता येते. मराठीच्या विद्यार्थ्यांची सहल महाबळेश्वरला नेण्याऐवजी एकदा इथे न्यावी, आणि येताना इनामगावच्या टेकाडावरून यावे. दुसरी, धनगरांकडून, गुराख्यांकडून गवतांची, झुडपांची, मातीच्या जातींची नावे गोळा करण्याचा प्रकल्प पदव्युत्तर वर्गाला द्यावा. मुरमाड, बरड, चोपण, वरकस हे शब्द एका पिढीनंतर फक्त तलाठ्याच्या दप्तरात राहतील, आणि पवना तर तिथेही नाही. तिसरी, ‘वातावरणनिर्मिती’चा प्रश्न प्रश्नपत्रिकेतून काढून टाकावा आणि त्याऐवजी विचारावे: या कादंबरीतील जमीन कोणती आहे, तिथे काय उगवते, आणि ते कोणाचे आहे?

सहकाऱ्यांनी सांगितले तेच खरे: अरण्य पाहायलाही शिकावे लागते. त्यांना ते शिकवायला उत्तर ध्रुवाजवळ एक भाषा होती, जिने उभ्या मेलेल्या झाडालाही नाव दिले आहे. मला शिकवायला एक वृद्ध मेंढपाळ होते आणि त्यांच्याकडेही भाषा होती. ती माझीच होती, आणि मला येत नव्हती.

त्या गायरानावर अलीकडेच पुन्हा जाऊन आलो. गिरिपुष्पाची दहा-बारा झाडे जगली आहेत. बाकीच्या खड्ड्यांत कुसळी माजली आहे, पावसाळ्यात त्यांत पाणी साचते. मधल्या न खणलेल्या पट्ट्यांत पवना अजून आहे; आता मला तो ओळखू येतो. खड्ड्यांत तो मला दिसला नाही.